पॉलिहाऊसमधले मित्र

माझा भाचा मावळात पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची घेतो. एका उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो, तर आत पाऊल टाकताच औषधाचा भपकारा नाकात शिरला आणि डोळे चुरचुरू लागले. मी आत होतो दहा मिनिटे; तो दिवसभर असतो. "मामू, सवय होते," तो म्हणाला. मला काही ते उत्तर पटले नाही.

श्रोतेहो, पॉलिहाऊस म्हणजे किडीला आयती मेजवानी. ऊब आहे, कोवळा पाला आहे, झोडपणारा पाऊस नाही आणि तिला खाणारे शत्रू दाराबाहेर राहिलेले. फवारणीतून जी कीड वाचते, तिची पुढची पिढी त्याच औषधाला दाद देत नाही. मग औषध बदला, मात्रा वाढवा. इकडे मिरचीची तोडणी काही थांबत नाही!

यावरचा एक तोडगा चांगला जुना आहे. १९२६ साली इंग्लंडमधल्या एका टोमॅटो बागायतदाराला काचघरात पांढऱ्या माशीची काही पिल्ले काळी पडलेली दिसली. चेशंटच्या संशोधन केंद्रातील कीटकशास्त्रज्ञ स्पेयर यांनी ती तपासली. त्यांतून बाहेर पडली एन्कार्सिया फॉर्मोसा, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, पण लांबीला मिलिमीटरही न भरणारी. ती पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडे घालते. आतली अळी पिल्लाला पोखरून खाते, पिल्लू काळे पडते आणि गोल भोक पाडून नवी एन्कार्सिया उडते. या जातीत जवळजवळ सगळ्या माद्याच. नरावाचून त्यांचे काही अडत नाही. (पुरुषांनी यावर फार विचार करू नये.) १९३० पर्यंत हे केंद्र वर्षाला सुमारे १५ लाख एन्कार्सिया ८०० च्या आसपास बागांना पाठवू लागले होते.

महायुद्धानंतर डीडीटी आले आणि एन्कार्सिया अडगळीत गेली. पुढे कोळी कीड औषधांना जुमानेना, तेव्हा कोळ्यांनाच खाणारा फायटोसियुलस नावाचा कोळी उपयोगी पडला. तो चिलीहून ऑर्किडच्या रोपांबरोबर जर्मनीत पोहोचला होता. हॉलंडमध्ये काकडी पिकवणाऱ्या कॉपर्ट यांनी १९६७ मध्ये असे मित्रकीटक पुरवण्याचा धंदाच उभारला.

आपल्याकडे क्रायसोपर्लाची अंडी मिळतात. त्याची अळी मावा फस्त करते. अंडी पानांवर विखरून टाकावी लागतात; एके जागी ढीग झाला, तर अळ्या एकमेकींनाच खातात. भाच्याने ती आणली, नीट विखुरली. पाचव्या दिवशी मावा तसाच दिसला, तेव्हा घाबरून त्याने फवारा मारला. अंडी फुटायला तीन-चार दिवस लागतात. म्हणजे नुकत्या बाहेर आलेल्या अळ्या त्याने स्वतःच्या हाताने मारल्या. पैसे गेले ते वेगळेच.

दोष त्याचा एकट्याचा नाही. औषध संध्याकाळपर्यंत मेलेली कीड दाखवते, मित्रकीटक आठवडा-दोन आठवडे मागतो. त्याला सोडायचे ते कीड थोडी असतानाच; आणि आधीच्या फवाऱ्याचा अंश पानांवर असेल, तर तोच आधी मरतो.

यंदा त्याने पिवळे चिकट सापळे लावले आणि मावा दिसू लागताच अंडी सोडली. परवा फोन आला, "मामू, अळीने मावा धरलाय." मी डोळ्यांचे विचारले. "बरे आहेत," म्हणाला. "पण लाल कोळी आहेच." त्याचे काय करायचे, ते विचारायला तो कृषी विद्यापीठात जाणार आहे. तोवर पंपाला हात लावायचा नाही, असे माझ्याकडून त्याला बजावून झाले आहे.