रक्तातली बारीक चिठ्ठी

वर्तकनगरात कुणाचे डोळे पिवळे दिसले की शेजारीपाजारी सांगतात, “कावीळ झाली, उतरवून आणा.” मग कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी हातावर चुन्याची निवळी ओतून घेतं. पाणी पिवळं होतं. वाटतं, उतरली कावीळ! पण आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आले की पाणी पिवळं होणारच. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी होईल. शिवाय घाण पाण्यातून येणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. त्याचं श्रेय माळेला मिळतं.

आम्हाला काळजी वाटते ती दुसऱ्या काविळीची. तिला ‘ब’ आणि ‘क’ अशी नावं आहेत. तिच्यात पुष्कळदा डोळे पिवळे होतच नाहीत. माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो, आणि विषाणू २०-२० वर्षं यकृतात मुक्काम ठोकून असतो. हे विषाणू रक्तातून पसरतात. एकाची सुई दुसऱ्याला टोचली, एकाचं पातं दुसऱ्याच्या दाढीला वापरलं, की वाट मिळते. ‘ब’ शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जाते. एका ताटात जेवल्यानं मात्र लागत नाही. घरात अशा माणसाचं ताट-भांडं वेगळं मांडणं हा त्याच्यावर निव्वळ अन्याय आहे.

यकृत म्हणजे मटणाच्या दुकानात ज्याला कलेजी म्हणतात तो अवयव. आपल्या उजव्या बरगड्यांखाली तो असतो. विषाणू शिरला की शरीर त्याच्याशी झगडतं आणि त्या झगड्यात यकृताला सूज येते. सूज वर्षानुवर्षं राहिली की जागोजागी वण पडतात, यकृत कडक होतं. काहींना पुढे कर्करोगही होतो. म्हणून डॉक्टरांना जाणून घ्यायचं असतं, की आत सूज आहे का आणि किती.

आता हे कळावं कसं? रक्तातलं एस.जी.पी.टी. मोजतात. ते वाढलं तर यकृताला इजा होते आहे असं समजतात. पण काहींचं एस.जी.पी.टी. ठीक असतं आणि आत सूज असते. दुसरा मार्ग म्हणजे बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा कण काढायचा. दर सहा महिन्यांनी ते कोण करून घेईल?

म्हणून शास्त्रज्ञ रक्तातच दुसरी खूण शोधू लागले. ती खूण म्हणजे मायक्रो-आरएनए. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. पेशीत एक जाडी वही असते. शरीर कसं चालवायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. वही जागची हलत नाही. तिच्यातलं हवं तेवढं पान चिठ्ठीवर उतरवून घेतात आणि त्याप्रमाणे काम चालतं. मायक्रो-आरएनए ही अगदी बारीक चिठ्ठी, जेमतेम २२ अक्षरांची. ती मोठ्या चिठ्ठीला जाऊन चिकटते आणि ते काम थांबवते. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी तिचा शोध लावला, तोही एक मिलिमीटर लांबीच्या किड्यात! पुष्कळांना वाटलं, किड्याचं काय एवढं? २०२४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं.

यकृतात अशी एक चिठ्ठी सर्वांत जास्त असते. तिचा क्रमांक १२२. दुसऱ्या अवयवांत ती फारशी नसते. रस्त्यावर धान्य सांडलं आणि गोणीवर गिरणीचा शिक्का असला, तर कुठल्या गिरणीची गोणी फाटली ते कळतं की नाही? तसंच हे. यकृताची पेशी फुटली की १२२ रक्तात सांडते. १५५ क्रमांकाची चिठ्ठी वेगळी. ती पांढऱ्या पेशी झगड्याला उभ्या राहिल्या की वाढते. ‘क’ काविळीच्या रुग्णांत या दोन्ही वाढलेल्या आढळल्या आहेत. गंमत अशी, की ‘क’चा विषाणू १२२लाच धरून राहतो, तिच्यावाचून त्याचं नीट चालत नाही. हे २००५ साली कळलं.

पण ही खूण भोळेपणानं वाचून चालत नाही. दारूनं किंवा तापाच्या गोळ्या अति घेतल्यानंही १२२ वाढते. गोणी फाटली एवढं ती सांगते, कुणी फाडली ते सांगत नाही. आणि यकृत फारच खराब झालं की सांडायला पेशीच कमी उरतात, मग आकडा खाली येतो. रोगी मात्र बरा झालेला नसतो. शिवाय वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून ही तपासणी अजून संशोधनातच आहे. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आज उपयोगाच्या तपासण्या दोन : ‘ब’साठी एच.बी.एस.ए.जी. आणि ‘क’साठी अँटी-एच.सी.व्ही. ‘क’ आढळली आणि पुढच्या तपासणीत विषाणू रक्तात असल्याचं ठरलं, तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक सर्व बरे होतात. ‘ब’ सहसा मुळासकट जात नाही, गोळ्यांनी दबून राहते. पण तिला लस आहे, आणि पहिली मात्रा बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायची असते. सरकारनं २८ जुलै २०१८ रोजी देशभर काविळीचा कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधं फुकट आहेत. सरकारी रुग्णालयात जाऊन चौकशी करावी. या दोन तपासण्यांना उपाशीपोटी जावं लागत नाही; सकाळचा चहा घेऊन गेलं तरी चालतं.