शिष्यवृत्ती नक्की कुणाच्या खात्यात?

कोल्हापुरात १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, तेव्हा मदत घेणारा मुलगा अधीक्षकांच्या डोळ्यांसमोर असायचा. आज महाराजांच्याच नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळते आणि यंत्रणेला दिसतो तो फक्त आधार क्रमांक. म्हणूनच तो क्रमांक, त्याला जोडलेला मोबाईल आणि बँक खातं, या तिन्हींवर विद्यार्थ्याचाच ताबा हवा.

तो सुटला की काय होतं, हे देशाने पाहिलंय. २०२० मध्ये झारखंडमधला अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा घोटाळा उघड झाला. दलालांनी गावकऱ्यांचे आधार आणि अंगठे घेऊन मोठ्या माणसांनाही विद्यार्थी दाखवलं होतं. २०२३ मध्ये केंद्राने याच शिष्यवृत्तीसाठी तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० बनावट किंवा बंद निघाल्या. १४४.८३ कोटींचं नुकसान आणि सीबीआयकडे तपास! त्यात ज्यांची नावं वापरली, त्यांतल्या अनेकांना आपल्या नावावर पैसे निघाले याचा पत्ताही नव्हता.

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीतून शहरात शिकायला येणारी मुलं फॉर्म भरायला नेट कॅफे गाठतात. घाई असते, सर्व्हर डाऊन असतो. मग पासवर्ड कागदावर लिहून दिला जातो, नोंदणीला कॅफेवाल्याचाच मोबाईल नंबर पडतो आणि नंतर फोनवरून ओटीपीही सांगितला जातो. बहुतेक कॅफेवाले प्रामाणिक असतात, पण एकाच्या हाती शेकडो मुलांच्या चाव्या असणं हाच खरा धोका.

एक बारकावा फार कमी जणांना ठाऊक असतो. आधारद्वारे येणारा पैसा फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. आधारला शेवटी जे खातं जोडलं, त्यात तो जमा होतो. कुणी तुमच्या कागदांवर नवं खातं उघडून आधार जोडलं, तर रक्कम तिकडे जाते. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची, म्हणजे आधारला कोणतं खातं जोडलंय याची, स्थिती पाहता येते. फॉर्म भरण्याआधी आणि हप्त्याच्या सुमारास ती पाहाच. बोटांचे ठसे तिथेच लॉकही करता येतात. झेरॉक्स द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, जिथे चालतं तिथे.

केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलने २०२४-२५ पासून एकदाच करायच्या नोंदणीला चेहऱ्याच्या पडताळणीची जोड दिली. चांगलं झालं. मात्र सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या दिवसांत संगणक आणि एक जाणता माणूस घेऊन मोफत मदत टेबल मांडलं पाहिजे. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची, बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची आणि महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागालाही त्याच दिवशी कळवायचं.