घरात दुसरा कुत्रा आणण्यापूर्वी

घरात एक कुत्रा येऊन दोन-तीन वर्षे झाली की बहुतेक कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो : याला सोबतीला आणखी एक आणावा का? प्रश्न सहसा मुले काढतात, आजोबा त्याला दुजोरा देतात. रोज पहाटे पट्टा हातात घेऊन जिने उतरणाऱ्या व्यक्तीचे मत मात्र शेवटी विचारले जाते, किंवा विचारलेच जात नाही. येरवड्यासारख्या दाट वस्तीच्या भागात, जिथे एका बाजूला नागपूर चाळ, लक्ष्मीनगर येथील दोन-दोन खोल्यांची घरे आहेत आणि दुसऱ्या बाजूला कल्याणीनगरकडच्या सोसायट्या, तिथे हा निर्णय केवळ हौसेचा राहत नाही. घराच्या आरोग्याचा, वेळेचा आणि शेजारधर्माचाही तो भाग होतो.

सर्वप्रथम हे पाहा की सोबत नेमकी कोणाला हवी आहे. नोकरदार घरातला कुत्रा दिवसभर एकटा राहतो, दार खरवडतो, केकाटतो. म्हणून दुसरा आणावा, असा विचार पुष्कळजण करतात. परंतु अशा कुत्र्याला बहुधा माणसांचा विरह सोसत नसतो, दुसऱ्या कुत्र्याची उणीव त्याला भासत नसते. दुसरा आणल्याने ते दुःख ओसरत नाही. पुष्कळदा एकाऐवजी दोघे केकाटू लागतात. भीती कुत्र्यांमध्ये पाहून पाहून पसरते. लोहगावच्या हवाई तळावरून उडणाऱ्या लढाऊ विमानांचा आवाज येरवड्याला नवा नाही. गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीतले फटाके त्यात भर घालतात. तुमचा पहिला कुत्रा या आवाजांनी पलंगाखाली शिरत असेल, तर नवे पिल्लू त्याच्याकडून प्रथम पलंगाखाली शिरायलाच शिकेल. आधी पहिल्याची घडी बसवावी, एकटे राहण्याची सवय मिनिटामिनिटाने लावावी, गरज वाटल्यास पशुवैद्याचा सल्ला घ्यावा आणि मगच दुसऱ्याचा विचार करावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिल्याचा स्वभावही ताडून पाहावा लागतो. रस्त्यात दुसरा कुत्रा दिसला की शेपूट हलवणे वेगळे आणि तोच कुत्रा आपल्या ताटलीजवळ, आपल्या माणसाच्या मांडीजवळ चालवून घेणे वेगळे. जो खाताना गुरगुरतो, खेळण्यावर हक्क सांगतो, त्याच्या घरात दुसरा आला की तंटे ठरलेले. नर आणि मादी ही जोडी सहसा अधिक जुळते. एकाच घरातल्या दोन माद्यांमधील वैर मात्र पेटले तर विझता विझत नाही, असा पशुवैद्यांचा अनुभव आहे. नर-मादी एकत्र ठेवायचे तर नसबंदी अपरिहार्य समजावी. मादी साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि गर्भकाळ अवघा सुमारे ६३ दिवसांचा असतो. ‘दुसरा’ आणता आणता सहावा-सातवा घरात येण्यास तीन महिनेही लागत नाहीत. संख्या हाताबाहेर जाते म्हणजे काय होते, हे २०२५च्या फेब्रुवारीत पुणेकरांनी वाचले आहे : हडपसरच्या एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे पाळल्याची तक्रार शेजाऱ्यांनी केली होती. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान असतात आणि खंडोबाजवळ एक. पण त्यांच्यापैकी कोणालाही सोसायटीच्या सभेला उत्तर द्यावे लागत नाही.

आता आरोग्याकडे वळू, कारण खर्च आणि धोका दोन्ही येथे दडलेले असतात. रस्त्यावरून उचललेले किंवा कोणी दिलेले पिल्लू वरून धडधाकट दिसले तरी पार्व्हो किंवा डिस्टेंपरचा विषाणू अंगात घेऊन आलेले असू शकते. पार्व्होची लक्षणे लागण झाल्यानंतर साधारण तीन ते सात दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांनीही, दिसतात : उलट्या, रक्तमिश्रित जुलाब, मरगळ. म्हणून नव्या पाहुण्याला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवावे आणि पहिल्याच्या लसी पूर्ण असल्याची खात्री आधीच करून घ्यावी. हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो. तुमच्या घरात पूर्वी एखादे पिल्लू या रोगाने गेले असेल, तर लस पूर्ण न झालेले पिल्लू तेथे आणूच नये. पिल्लाच्या या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत ठरावीक अंतराने द्याव्या लागतात. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात, आणि पुढे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दरवर्षी. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय नाही. चावा किंवा ओरखडा झाला, तो घरातल्या लसवंत कुत्र्याचा असला तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे.

गोचीड हा पुण्यातल्या कुत्र्यांचा जुना शत्रू. घरात वावरणारा तपकिरी गोचीड भिंतीच्या फटींत, पलंगाच्या सांध्यांत अंडी घालतो. एक मादी हजारो अंडी घालू शकते. दोन कुत्र्यांच्या घरात एकावरच औषध लावले तर दुसरा गोचिडांचे माहेर बनतो. दोघांवर एकाच दिवशी उपचार करावेत, फटी साफ कराव्यात. ताप, नाकातून रक्त, अंगावर लाल ठिपके दिसले तर रक्ततपासणी लांबवू नये, कारण गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तातील प्लेटलेट्स झपाट्याने घटतात. पावसाळ्यात नदीकाठच्या चिखलातून आणि उंदीर फिरणाऱ्या साचल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. तो मूत्रावाटे माणसालाही होऊ शकतो, म्हणून त्याची लस आणि हातमोजे घालून केलेली स्वच्छता दोन्ही हवीत. घरात रांगते बाळ असेल तर दोन्ही कुत्र्यांना जंतांचे औषध वेळापत्रकाने दिलेच पाहिजे.

खर्चाची बेरीज करताना लोक खाण्याचाच हिशेब मांडतात. वीस किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण हजार किलोकॅलरी लागतात. तो खर्च दुप्पट होईल हे सरळ आहे. परंतु लस, नसबंदी, वर्षाकाठचे एखादे आजारपण, गावी जाताना दोघांना सांभाळणारी जागा आणि वाढत्या वयातला औषधपाणी, यांचीही दुप्पट होते. महानगरपालिकेचा श्वानपरवाना प्रत्येक कुत्र्यासाठी स्वतंत्र लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. सोसायटीने ‘कुत्रा पाळायचाच नाही’ असा सरसकट ठराव करू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तथापि जिन्यातील घाण, रात्रीचे भुंकणे यांची जबाबदारी मालकाचीच असते. हक्क कागदावर असतो, शेजारी समोरच्या दारात असतो.

सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे पहिला म्हातारा झालेला असतो तेव्हाचा. ‘हा गेल्यावर घर ओस पडेल, त्याआधी दुसरा आणू’ ही भावना खरी आहे आणि तिचा उपहास करण्याचे कारण नाही. पण सांधे दुखणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याच्या अंगावर दिवसभर उड्या मारणारे पिल्लू म्हणजे त्याच्या शेवटच्या विश्रांतीत रोजची धाड. त्याची झोप, औषधे आणि एकांत राखण्याइतकी जागा आणि सवड नसेल, तर थांबावे. थांबायचे नसेलच, तर पिल्लाऐवजी शांत स्वभावाचा प्रौढ कुत्रा पाहावा.

निर्णय झाला तरी एकदम कायमचा करू नका. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, ब्लू क्रॉस सोसायटी ऑफ पुणे यांसारख्या संस्था या क्षेत्रात काम करतात. अशा ठिकाणी किंवा ओळखीच्या पशुवैद्याकडे, काही आठवडे तात्पुरता सांभाळ करता येईल का, हे विचारा. गल्लीतलाच कुत्रा घ्यायचा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात सांगितलेले लक्षात ठेवा : दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. पहिली भेट घरात नको. दोघांनाही परकी असेल अशा मोकळ्या जागी, दोन माणसांनी दोन पट्टे धरून, आधी अंतर ठेवून समांतर चालवावे. घरात ताटल्या वेगळ्या खोलीत. या काळात एक वही ठेवा : पहाटे कोण उठले, रात्री कोणाची झोप मोडली, पहिला किती जेवला, कोण कोणाला टाळत होते. तीन आठवड्यांनी घरातल्या सगळ्यांनी ती वाचावी, आणि पहिले मत पट्टा धरणाऱ्याचे घ्यावे.