विहिरीला कार्ड मिळते, मग हॉटेलला का नको?

वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. तहसील कचेरी, पंचायत समिती, न्यायालय आणि एसटीचे आगार इथे असल्याने भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे सकाळी कामाला येतात आणि काम लांबले की दुपारचे इथेच खातात. कोणी मिसळ घेतो, कोणी वडापाव, कोणी मटणाचे ताट. हॉटेल निवडताना त्यांच्या हाती खुणा मोजक्याच असतात : गर्दी किती आहे, रस्स्याला तवंग कसा आहे, ओळखीचे कोण बसले आहे. भटारखाना मात्र भिंतीआड असतो. तिथले पिंप, मोरी, फ्रीज आणि आचाऱ्याचे हात गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. ते गिऱ्हाइकाच्या वतीने बघावेत म्हणून सरकारने अन्न सुरक्षा अधिकारी नेमलेला आहे. तो येतो, बघतो, लिहितो, आणि त्याने लिहिलेले साताऱ्याच्या कार्यालयात जाते. ज्याच्या पोटासाठी ही तपासणी झाली, त्या माणसाला मात्र तिचा निकाल कधीच कळत नाही. तपासणीचे हे काम जवळून पाहिले की एक गोष्ट पटते. निकाल हॉटेलच्या दारावर लागत नाही तोवर तपासणी अर्धीच झालेली असते.

ही मागणी परकी नाही. खटाव तालुक्यातल्या कोणत्याही ग्रामपंचायतीला अशा निकालाची सवय आहे. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे पावसाळ्याआधी आणि नंतर स्वच्छता सर्वेक्षण होते आणि त्यावरून गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकले आणि साथ आली नाही, तर चंदेरी कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की ग्रामसभेत प्रश्न विचारले जातात, जलसुरक्षकाला पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीचा हिशोब द्यावा लागतो, पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट नीट होते की नाही हे पाहिले जाते. पाण्यातले जंतू कोणाला डोळ्यांनी दिसत नाहीत, पण कार्डाचा रंग सगळ्यांना दिसतो, आणि त्या रंगामुळे गाव हलते. तेच पाणी हॉटेलच्या पिंपात गेले, त्यात कोथिंबीर धुतली गेली, त्याचा रस्सा झाला, की मात्र त्याच्या दर्जाचा कागद फायलीत जातो. या फरकाला कोणतेही पटण्याजोगे कारण नाही.

तपासणीत नेमके काय पाहतात, हे समजून घेतले की निकालाचे मोल कळते. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि १९५४ चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा मागे पडला. बदल फक्त नावाचा नव्हता. जुना कायदा प्रामुख्याने भेसळ पकडणारा होता, तर नव्या कायद्याने अन्न कोणत्या परिस्थितीत तयार होते यालाही तेवढेच महत्त्व दिले. नियमावलीच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या अटी दिलेल्या आहेत आणि खानपान व्यवसायासाठी त्यावरून तपासणीची यादी तयार केलेली आहे. अधिकारी आत आला की आधी भिंतीवरचा चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक बघतो, मग कामगारांचे वैद्यकीय तपासणीचे दाखले, विषमज्वराची लस, पाण्याचा तपासणी अहवाल, कीडनियंत्रणाची नोंद. कागद संपले की खरे काम भटारखान्यात सुरू होते.

तिथे सर्वांत आधी पाणी. खटाव हा दुष्काळी पट्टा. उन्हाळ्यात नळाचे पाणी पुरत नाही, बोअरचे घेतात, तेही आटले की टँकर येतो. पाणी तिन्ही ठिकाणचे असले तरी साठते एकाच टाकीत, म्हणून ती टाकी शेवटची कधी धुतली, तिला झाकण आहे का, पाणी काढायचे भांडे लांब दांड्याचे आहे की हात बुडतो, हे विचारावे लागते. उकळत्या रस्स्यात पाण्यातले बहुतेक जंतू मरतात. धोका असतो तो त्या रस्स्यावर वरून पडणाऱ्या कच्च्या जिनसांत. मिसळीवरचा कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, ताटातली काकडी यांना पुढे आच लागत नाही. ज्या पाण्यात ती धुतली आणि ज्या हातांनी चिरली, तेच पाणी आणि तेच हात गिऱ्हाइकाच्या पोटापर्यंत पोचतात. त्यामुळे हात धुण्याची वेगळी जागा आणि तिथे साबण आहे का, हा प्रश्न फरशी किती चकचकीत आहे यापेक्षा मोठा ठरतो. टेबल पुसायचे फडकेही असेच. एकाच ओल्या फडक्याने टेबल, ताट आणि हात पुसले जात असतील, तर सगळ्या टेबलांवरचे जंतू ते फडके सगळ्यांना वाटत फिरते.

पाण्यानंतर पाहायची ती वेळ आणि तापमान, आणि सर्वांत कमी समजून घेतली जाते ती हीच बाब. गरम वाढायचे अन्न साठ अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजे आणि थंड ठेवायचे पाच अंशांच्या खाली. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात. मटणाचा रस्सा मोठ्या पातेल्यात शिजतो, उरला तर त्याच पातेल्यात झाकून ठेवतात. बाहेरून पातेले निवले तरी मधला भाग तासन् तास कोमट राहतो. शिजवताना क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जंतूंची बीजाणूरूपे मरत नाहीत. रस्सा कोमट झाला की ती जागी होतात आणि भराभर वाढतात. भातात बॅसिलस सीरियसचे तसेच होते, आणि त्याने एकदा वांतीचे विष तयार केले की भात पुन्हा परतूनही ते नाहीसे होत नाही. ‘सकाळी एक उकळी आणली की झाले’ हा आचाऱ्याचा विश्वास म्हणूनच अपुरा आहे. उपाय मात्र साधा आहे : उरलेला रस्सा लगेच पसरट भांड्यांत ओतायचा, निवला की फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी एकदाच खळखळून उकळायचा. हे सांगायला आणि तपासायला साध्या तापमापकाखेरीज काही लागत नाही. तळणीच्या तेलाचेही असेच ठोस माप आहे. तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचे नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. आणि गरम वडा छापील वर्तमानपत्रात बांधून द्यायलाही २०१८ च्या वेष्टन नियमांनी मनाई केली आहे.

अन्न तपासणी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे नमुना येतो : अधिकाऱ्याने बाटली भरली, सील लावले, प्रयोगशाळेत पाठवली. नमुन्याची पद्धत कायद्याने काटेकोर बांधली आहे. त्याचे चार भाग करायचे, एक विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि व्यावसायिकाने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. यात ढिलाई झाली तर काय होते, हे मॅगी प्रकरणाने दाखवले. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवरची बंदी रद्द केली. नमुने योग्य मान्यता असलेल्या प्रयोगशाळांत तपासले गेले नव्हते आणि कंपनीचे म्हणणेही ऐकले गेले नव्हते, हे त्यामागचे मुख्य कारण होते. तेल, दूध, खवा, मसाला यांतली भेसळ पकडायला नमुन्याला पर्याय नाही. पण आजचा रस्सा आज संध्याकाळी संपलेला असतो. चौदा दिवसांनी आलेला अहवाल तो खाल्लेल्या कोणाच्या कामी येत नाही. हॉटेलातला रोजचा धोका टाकीत, हातांवर आणि कोमट पातेल्यात असतो, आणि तो पकडण्याचे साधन म्हणजे प्रत्यक्ष पाहून भरलेली यादी.

त्या यादीला गुण आहेत. खानपान व्यवसायासाठी ते एकूण ११४ आहेत, आणि गुणांवरून श्रेणी ठरते. म्हणजे हॉटेलचा निकाल लावण्याची पद्धत नव्याने शोधायची नाही, ती कागदावर तयार आहे. त्रुटी आढळल्या तर कलम ३२ खाली सुधारणा नोटीस देता येते. तिच्यात काय चुकले, काय करायचे आणि किती मुदतीत, हे लिहावे लागते आणि ती मुदत चौदा दिवसांपेक्षा कमी ठेवता येत नाही. ही तरतूद मला कायद्यातली सर्वांत शहाणी वाटते, कारण ती हॉटेलवाल्याला आधी सुधारण्याची संधी देते. पण त्या चौदा दिवसांत तिथे जेवणाऱ्याला नोटिशीचा पत्ता नसतो, आणि ज्याने टाकी धुतली, साबण ठेवला, पातेली बदलली, त्या हॉटेलवाल्याच्या कष्टाची पावतीही कोणाला दिसत नाही. गुप्त निकाल अशा रीतीने दोघांवर अन्याय करतो : गिऱ्हाइकावर आणि चांगल्या हॉटेलवाल्यावर.

निकाल जाहीर करण्याचा अनुभव जगात आहे. डेन्मार्कने २००१ मध्ये तपासणीचा अहवाल हसऱ्या किंवा रडव्या चेहऱ्याच्या खुणेसह दारावर लावणे बंधनकारक केले. वेल्समध्ये नोव्हेंबर २०१३ पासून स्वच्छतेचे मानांकन दाखवणे सक्तीचे आहे. लॉस एंजेलिस परगण्याने १९९८ मध्ये दारावर श्रेणीचे कार्ड लावायला सुरुवात केली, आणि २००३ मध्ये जिन व लेस्ली या संशोधकांनी दाखवले की त्यानंतर अन्नातून होणाऱ्या आजारांसाठी रुग्णालयात दाखल होणारे सुमारे वीस टक्क्यांनी घटले. यावर आक्षेप घेणारे म्हणतील की पुढच्या काळात इतर संशोधकांनी हा निष्कर्ष तपासला आणि ती घट कार्डामुळेच झाली असे म्हणता येत नाही असे दाखवले. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. कार्ड लावले की आजार अमुक टक्क्यांनी घटतील, असे वचन मी देणार नाही. पण जाहीर निकालाचा आधार एवढाच नाही. आपण पैसे देऊन जे खातो त्याबद्दल आपल्याच सरकारने जे पाहिले ते कळणे, हा आपला हक्क आहे. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची एक ते पाच अशी स्वच्छता मानांकनाची योजना आहे, पण ती ऐच्छिक आहे. ज्याला उत्तम गुण मिळण्याची खात्री, तोच पुढे येणार. ज्याच्याबद्दल कळायला हवे, तो बाहेरच राहणार.

दुसरा आक्षेप गरिबीचा. वडूजच्या स्टँडजवळ भजी तळणाऱ्याला शहरातल्या हॉटेलचे नियम लावायचे का? उत्तर असे की २०११ च्या नियमावलीनेच लहान व्यावसायिकाला वेगळे धरले. वर्षाला बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीला परवान्याऐवजी नुसती नोंदणी ठेवली आणि तिची फी वर्षाला शंभर रुपये ठरवली. आणि वर सांगितलेल्या बहुतेक सुधारणांना पैसा थोडाच लागतो : झाकण, लांब दांड्याचे भांडे, साबण, दोन वेगळी फडकी, पसरट पातेली. खर्चाचा खरा भाग सवय बदलण्याचा आहे. शिवाय स्वस्तात जेवणारा बहुधा रोजंदारीवरचा माणूस असतो. दोन दिवस जुलाब लागले तर त्याचे दोन दिवसांचे हजेरीचे पैसे जातात. गरीब हॉटेलवाल्याची कणव त्याच्याच गरीब गिऱ्हाइकाच्या पोटावर काढता येणार नाही.

तिसरा आक्षेप अनुभवाचा : ‘इतकी वर्षे खातोय, काही झाले नाही.’ काही होते, पण त्याचा धागा जुळत नाही. विषमज्वराची लक्षणे दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. तोवर कोणत्या दिवशी कुठे काय खाल्ले हे कोणाला आठवणार? साधे जुलाब गावातल्या डॉक्टरच्या गोळीवर बरे होतात आणि कुठे नोंदले जात नाहीत. चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे : कार्डाचा रंग ठरवायचा अधिकार दिला की पाकिटाची वाट मोकळी होईल. पण पाकीट फावते ते गुप्ततेत. गुण आणि त्रुटी दारावर छापील लागल्या, तर हिरवे कार्ड लावलेल्या हॉटेलातली उघडी टाकी कोणीही बघू शकतो आणि गुणांना आव्हान देऊ शकतो. आकसाने त्रास देणाऱ्या अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद याच कायद्याच्या कलम ३९ मध्ये आहे.

राहिला प्रश्न मनुष्यबळाचा. सातारा जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, आणि दिवाळीच्या तोंडावर मिठाई व खव्याच्या मोहिमांत यंत्रणा गुंतते. महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात देशातल्या ७२ राज्य प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना मान्यता नसल्याचे नोंदवले आणि अधिकाऱ्यांच्या तुटवड्यावरही बोट ठेवले. माणसे वाढवायलाच हवीत. पण माणसे कमी असतील तर निकाल दारावर लागणे आणखी गरजेचे होते, कारण अधिकारी वर्षात एखादाच दिवस येतो आणि गिऱ्हाईक रोज येते. दारावर त्रुटी वाचलेले गिऱ्हाईक उरलेल्या दिवसांची पाहणी आपोआप करते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या गर्दीच्या दिवसांआधी वर्षातली एक तपासणी ठेवली, तर आहे त्याच बळात तिचा उपयोग वाढेल.

म्हणून सातारच्या अन्न व औषध प्रशासनाने आणि वडूज नगरपंचायतीने मिळून एवढे करावे : तपासणी झालेल्या प्रत्येक हॉटेलच्या दारावर तारीख, गुण, त्रुटी आणि पुढच्या तपासणीची मुदत मराठीत, ठळक अक्षरांत लावावी. तोवर वाचकांनीही गप्प बसू नये. बिलावर चौदा अंकी क्रमांक आहे का ते पाहा, १ जानेवारी २०२२ पासून तो छापणे बंधनकारक आहे. कांदा कोणत्या पाण्यात धुतला, हे विचारायला लाजू नका. शंका आली तर प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करा. कलम ४० प्रमाणे साध्या ग्राहकालाही फी भरून अन्नाचा नमुना तपासून घेता येतो, आणि दोष निघाला तर ती फी परत मिळते. हा हक्क कायद्याने दिलेला आहे, तो वापरा.