नारायणगावच्या राहुट्या आणि एका युकुलेलेवाल्याची नजर

वाद्यसंगीताचे व्यापारमेळे म्हटले की लोकांना कॅलिफोर्नियातला ‘नॅम शो’ आठवतो. आपल्या जुन्नर तालुक्यातही संगीताचा मोठा बाजार भरतो, फक्त तिथे गिटारी नव्हे, तर अख्खे फड ठरतात.

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर सोडून पुढे आलात की नारायणगाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडमालकांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाचा फलक, आत मॅनेजर, समोर तारखांची वही. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरते. एकाच तिथीला अनेक गावांच्या यात्रा असल्या की भाव चढलाच म्हणून समजा! दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्या विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव, त्यामुळे याला तमाशापंढरी म्हणतात ते उगाच नाही.

मी मूळचा युकुलेलेवाला, म्हणून माझं लक्ष तुणतुण्यावर. युकुलेलेला चार तारा, तुणतुण्याला एकच. लाकडी नळकांडं, तळाला कातडं, बाजूला काठी, वर खुंटी. खुंटी पिळून तार गाणाऱ्याच्या पट्टीला लावायची, की ती सूरही धरते आणि लयही. कॉर्ड नाहीत, फ्रेट नाहीत. मला विचाराल तर हे जास्त अवघड, कारण एकाच सुरावर ढोलकीच्या तोडीला तोड द्यायची असते.

१८७९ मध्ये मदेइराहून हवाईला गेलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या छोट्या वाद्यातून युकुलेले घडलं आणि जगभर पोचलं. तुणतुणं मात्र वाद्यांच्या चकचकीत दुकानांत क्वचितच दिसतं.

जाणार असाल तर पाडव्याच्या आसपास जा. सुपारीच्या बोलणीत मात्र लुडबुड करू नका.