उजनीच्या काठचें गांव

सोलापूर शहराच्या नळांना जें पाणी येतें, त्याचा मोठा हिस्सा उजनीच्या जलाशयांतून येतो. हें धरण भीमा नदीवर, माढें तालुक्यांतील उजनी या गांवाजवळ आहे. त्याचें बांधकाम १९६९ मध्यें सुरू झालें व १९८० सालीं पुरें झालें. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी सांठविणाऱ्या या जलाशयास यशवंतसागर असें नांव आहे. पाणी पिणाऱ्या नागरिकास धरणाची भिंत ठाऊक असते. क्वचित् ती पाहण्यासही तो जातो. परंतु त्या पाण्याच्या काठावर करमाळें व इंदापूर तालुक्यांतील जीं लहान लहान गांवें वसलीं आहेत, त्यांचें जीवन कसें चालतें, याची कल्पना शहरांत फारशी नसते.

धरणापूर्वीं भीमाकाठच्या गांवाची संपत्ति तीन प्रकारची होती. पहिली नदीकाठची काळी जमीन; पुरानें दरवर्षीं आणून टाकलेल्या मळीमुळें ती खताची फारशी अपेक्षा करीत नसे. दुसरी गांवठाणांतील घर, गोठा, परडें आणि पेंव. तिसरी संपत्ति कोणत्याच कागदावर नोंदलेली नव्हती, ती म्हणजे नदीचा उतार. उन्हाळ्यांत नदी पायीं ओलांडतां येई आणि पावसाळ्यांत होडीनें पलीकडे जातां येई. करमाळ्याच्या बाजूचीं गांवें व इंदापुराच्या बाजूचीं गांवें यांच्यामध्यें सोयरिकी होत, बैलबाजार भरत. नदी ही दोन तालुक्यांची शीव असली, तरी संसाराची शीव नव्हती.

धरण बांधावयाचें ठरतांच सरकारनें जमिनी संपादन केल्या. त्या वेळीं १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. त्या कायद्यान्वयें अधिसूचनेच्या दिवशींचा बाजारभाव व त्यावर सक्तीच्या संपादनाबद्दल शेंकडा पंधरा, असा मोबदला मिळे. येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बाजारभाव शेताचा काढतां येतो. परंतु विहिरीजवळची सावली, शेजाऱ्याची बैलजोडी आणि नदीचा उतार यांचा भाव कोणत्याही कोष्टकांत बसत नाहीं. शिवाय रोख रक्कम हातीं आली, तरी त्याच किंमतीस तशीच जमीन दुसरीकडे मिळेल, असा भरंवसा नसतो. एकाच वेळीं शेंकडों कुटुंबें जमीन शोधूं लागलीं म्हणजे जमिनीचा भाव चढतो, आणि मोबदल्याची रक्कम जागच्या जागीं लहान होते. विस्थापितांस धरणाच्या लाभक्षेत्रांत जमीन देण्याची तरतूद करणारा पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रांत १९७६ सालीं झाला; पुढें १९८६ व १९९९ सालीं नवे कायदे आले. परंतु १९७६ उजाडेपर्यंत उजनीच्या बांधकामास कित्येक वर्षें लोटलीं होतीं.

गांव उठून उंचावर बसलें, म्हणजे नवें गांवठाण झालें. आंखीव रस्ते, शाळा आणि पाण्याची टाकी असें त्याचें रूप असतें. तथापि घराच्या मालकीचा प्रश्न येथेंही सुटलेला असतोच असें नाहीं. शेताची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर असते. गांवठाणांतील घराची तेथें नसते. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या वहींत, म्हणजे नमुना आठमध्यें असते, आणि ती कराची नोंद होय, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. म्हणून पुनर्वसित गांवांत ज्यानें भूखंडाचा मूळ आदेश जपून ठेवला, त्याच्या नातवाचें काम सोपें होतें. ज्याच्याकडून तो गहाळ झाला, त्याच्या नातवास कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

जलाशयाच्या काठीं मालमत्तेचा आणखी एक चमत्कारिक प्रकार आढळतो. त्यास गाळपेर म्हणतात. उन्हाळ्यांत पाणी जसजसें मागें हटतें, तसतशी बुडालेली जमीन उघडी पडते. तिच्यावर सुपीक गाळ असतो व ओलही पुष्कळ असते. त्यामुळें थोड्या मेहनतींत पीक हातीं येतें. ही जमीन सरकारच्या मालकीची असून ती थोड्या मुदतीच्या पट्ट्यानें लागवडीस दिली जाते व त्यांत विस्थापितांस अग्रक्रम असतो. म्हणजे आजोबांच्या मालकीचें शेत नातवानें सरकारकडून कांहीं महिने मागून घ्यावयाचें, आणि पावसाळ्यांत पाणी चढूं लागलें कीं परत करावयाचें! दुष्काळी वर्षीं पाणी फारच उतरलें म्हणजे जुन्या घरांचे चौथरे आणि विहिरींचे कांठही दिसूं लागतात. इंदापूर तालुक्यांतील पळसदेव येथील प्राचीन पळसनाथाचें मंदिर अशा वेळीं पाण्याबाहेर येतें, आणि तें पाहण्यास दुरून लोक जमतात.

या गांवांच्या वाट्यास केवळ हानीच आली, असें म्हणणें मात्र सत्यास धरून होणार नाहीं. पाण्याच्या काठावर ज्यांची जमीन उरली, त्यांनीं परवाने काढून मोटारी बसविल्या, नळ टाकले, आणि पूर्वीं ज्वारीवर भागविणाऱ्या शिवारांत ऊंस व केळीं उभीं राहिलीं. मासेमारी हा मोठा धंदा झाला. परंतु या समृद्धीचा पाया हलता आहे. पाणी मागें गेलें कीं मोटारही त्याच्या मागें न्यावी लागते, चर खणावे लागतात, नळ वाढवावे लागतात. उजनीच्या एकूण सांठ्यापैकीं निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारें ६३ अब्ज घनफूट, हा मृतसांठा होय. २०२४ च्या उन्हाळ्यांत पाणी त्या मृतसांठ्यांतही बरेंच खालीं उतरलें होतें. अशा वर्षीं काठचा शेतकरी, कालव्याखालचा शेतकरी आणि सोलापूरचा नागरिक हे तिघेही एकाच पाण्याकडे डोळे लावून बसतात.

सर्वांत बिकट प्रश्न प्रवासाचा आहे. जेथें नदीचा उतार होता, तेथें आतां रुंद जलाशय पसरला आहे. करमाळें तालुक्यांतील कुगांव आणि समोरचें इंदापूर तालुक्यांतील कळाशी यांच्यामध्यें होडीनें थोड्या वेळांत जातां येतें. रस्त्यानें जावयाचें तर जलाशयास मोठा वळसा घालावा लागतो. दवाखाना, बाजार, महाविद्यालय व लेकीचें सासर पलीकडे असेल, तर मनुष्य होडीच पत्करतो. त्यांत त्याचें अज्ञान नसून हिशेब असतो. अरुंद नदींत वारा फारशा लाटा उठवूं शकत नाहीं, कारण त्याला धांवण्यास जागा नसते. विस्तीर्ण जलाशयावर ती जागा मिळते, आणि मे महिन्यांतील वळिवाच्या आधीं सुटणारें वादळ क्षणांत पाणी खवळून टाकतें. २१ मे २०२४ च्या सायंकाळीं कुगांवहून कळाशीकडे निघालेली होडी अशाच वाऱ्यांत उलटली. एक प्रवासी पोहून काठास लागला. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेंही होतीं. होडींतील प्रत्येकाच्या अंगांत तरंगण्याचें जाकीट असणें, माणसें मोजून घेणें आणि वारा दिसतांच होडी काठाला ठेवणें, या तीन साध्या गोष्टी अशा काठांवर कायद्याच्या पुस्तकाइतक्याच मोलाच्या आहेत. कुगांव व समोरचें शिरसोडी यांना जोडणारा पूल मंजूर झाला आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

हा अनुभव एकट्या भीमेचा नाहीं. इंडोनेशियांतील मध्य जावांत केडुंग ओम्बो येथें धरण झालें, तेव्हां मोबदला अपुरा म्हणून पुष्कळ कुटुंबांनीं गांव सोडण्याचें नाकारलें. १९८९ च्या जानेवारींत पाणी चढूं लागलें, तेव्हांही तीं तेथेंच होतीं. त्यांपैकीं ३४ कुटुंबांच्या बाजूनें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९९३ मध्यें निकाल दिला. पुढल्याच वर्षीं तो फिरविण्यांत आला. भाषा निराळी, पीक निराळें. पण जमिनीच्या किंमतींत गांवाची किंमत मावत नाहीं, ही अडचण दोन्हीकडे एकच.

धरण बांधूं नये, असा याचा अर्थ नव्हे. पाण्यावांचून सोलापूर जगणार नाहीं, आणि अवर्षणाच्या या प्रदेशांत सांठवण केल्यावांचून गत्यंतर नाहीं. परंतु ज्या पाण्यानें एका गांवाची वाट बुडाली, त्याच पाण्यावर दुसरें शहर उभें असेल, तर ती वाट पुन्हां बांधून देणें ही मेहेरबानी नव्हे; तें येणें आहे. शेताचा मोबदला एकदां देऊन हिशेब मिटतो. वाटेचा हिशेब पूल उभा राहून त्यावरून पहिली गाडी जाईपर्यंत उघडाच राहतो.