गाडीचे तेल : सांगोवांगी नको, पारखून घ्या

आपल्या वस्तीत मोटरसायकल ही चैन नाही. तिच्यावर कुणी पाळीला जातो, कुणी भाजी आणतो. इंजिन जाम झाले की रोजी बुडते. केवळ कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा, ही तथागतांची कालामसुत्तातील शिकवण तेल घेतानाही उपयोगी पडते.

गाडीसोबत मिळालेले पुस्तक काढा. इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. त्यात १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० असा जो आकडा असेल, तेच तेल घ्या. पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ पाहा. ‘एमबी’ गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते. मोटारकारचे तेल टाकल्यास क्लच घसरू शकतो.

सील शाबूत असलेला डबा घ्या, पक्के बिल मागा, तेल डोळ्यांदेखत ओतून घ्या. रिकाम्या डब्याला भोक पाडा, म्हणजे त्यात बनावट तेल भरून कुणी आपल्याच भावाला फसवणार नाही. जुने तेल गटारात ओतू नका. पाणी सर्वांचे आहे.